समोरचं दार

सोसायटीच्या अध्यक्षबाईंना,

ताई गेली आणि तिचा पाण्यासमोरचा वन-बीएचके मी विकायला काढला. तेव्हापासून मी आणलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्या कमिटीने नाकारलं. नवं जोडपं नको, निवृत्त कप्तानही नको. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं. भाव पाडून घर तुमच्या भाच्याच्या घशात घालायचं असणार, असंच मी धरून चालले होते.

त्यात तो कप्तान म्हणाला, "बाईंनी बाकी काही विचारलं नाही. दिवसा दार उघडं ठेवता का, एवढंच." मग तर संशय पक्काच झाला. दुसऱ्याचं दार उघडं कुणाला हवं असतं? आत नजर ठेवणाऱ्यालाच.

काल घराला वारा लागावा म्हणून मी दार उघडलं. समोर तुमचंही उघडं होतं. तुमच्या खिडकीत नुसती शेजारच्या इमारतीची भिंत, आणि पॅसेजमध्ये, ताईच्या दाराकडे तोंड करून, तुमची आरामखुर्ची. मी वळून पाहिलं. दारातून सरळ खिडकी दिसत होती आणि खिडकीत पाणी.

"ताई होत्या तेव्हा दिवसभर उघडंच असायचं," असं म्हणत तुम्ही ओशाळून खुर्ची आत ओढलीत.

उद्याच्या गिऱ्हाईकाला मी उत्तर पढवून ठेवलंय. तो म्हणेल, "उघडंच ठेवतो." पण त्याला एसी बसवायचाय, दार तो कायम लावूनच ठेवणार. म्हणून हे पत्र माझ्या पर्समध्येच राहील. तुम्ही मंजुरी द्याल, आणि खुर्ची पुन्हा बाहेर काढाल.

तुमच्या शेजारणीची धाकटी बहीण