थंडीपासून मी वाचवलेली द्राक्षं

श्री. गिरधरभाऊ यांना तापीकाठाहून पितांबरचा हात जोडून नमस्कार, आणि विहीणबाई धनुबाईंना आम्हा दोघांचा.

इकडे आम्ही सारे ठीक आहोत. धनुबाईंचे गुडघे आता कसे आहेत? (आमच्या वत्सलाबाई त्यांच्यासाठी एक लेप सांगणार आहेत, तो लावू नये. मी लावला होता.) तुमचा खोकलाही आता उन्हं तापू लागली म्हणजे पळेल. पत्र पाहून दचकू नका, कुणालाही काही झालेलं नाही. फोन असताना माणूस पत्र का लिहितो, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण असं, की आमच्या घरात रेंज फक्त ओट्यावर मिळते, ओट्यावर तुमची मुलगी बसलेली असते, आणि मला जे सांगायचंय ते तिच्याबद्दलच आहे. शिवाय माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. मी फोनवर गुपित सांगितलं तर ते सारंगखेड्याच्या पुलावर ऐकू जातं.

तर गोष्ट रुचिकाच्या द्राक्षांची. लग्न होऊन आली आणि वर्षभरात तिने नदीकडचं रान मागितलं, वाइनच्या द्राक्षांसाठी! आमचं घर कसलं ते तुम्ही जाणता. आमच्यात कापूस होतो, केळी होते, ऊस होतो, दारूचं मात्र नावही निघत नाही. (भूपेशच्या लग्नात बँडवाल्यांनी घेतली म्हणून मी वरात बिनवाजंत्रीची नेली होती, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.) मी साफ नाही म्हणालो. पण भूपेश, जो शहाद्याला मास्तर आहे आणि एरवी चप्पल घ्यायची तरी मला विचारतो, तो बायकोच्या बाजूने उभा राहिला. वत्सलाबाईही तिकडेच गेल्या. मग मी घरचा कर्ता म्हणून एक अट घातली : तिसऱ्या वर्षी वाइनच्या कंपनीने माल पहिल्या प्रतीचा म्हणून उचलला तर ठीक, नाहीतर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, वेली उपटायच्या आणि तिथे केळी लावायची. सूनबाई म्हणाली, ‘बरं, नाना.’ एवढंच. तिसरं वर्ष ते हेच.

गावाला आम्ही ‘औषधी द्राक्षं’ असं सांगून ठेवलं. त्याचा ताप असा झाला, की शेजारच्या सुगंधाबाई रोज सकाळी औषध म्हणून मूठभर मागायला येऊ लागल्या. ही द्राक्षं म्हणजे करवंदाएवढा मणी, जाड साल, आत बियाच बिया. एक खाल्ला की शहाणा माणूस दुसरा मागत नाही. पण त्या चिवट निघाल्या, आणि गुण येतोय म्हणून गावभर सांगत फिरल्या. (त्यांना नेमकं काय होत होतं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.)

भाऊ, जन्मभर मी आभाळाकडे बघत आलो, पण ते पाऊस येतो की नाही एवढ्यापुरतं. तुमची मुलगी आभाळाची उलटतपासणी घेते. दसरा झाला तरी तिने फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी केली नाही. मी म्हटलं, आळस. ती म्हणाली, परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नाही, फुलोरा पावसात सापडला तर मणी धरत नाहीत आणि पानांवर केवडा रोग येतो. मी हसलो, आणि मग जो पाऊस आला त्यात माझा वाळत घातलेला मका गेला. पुढे घड लागल्यावर तिने वेलींची पानंच खुडायला घेतली. तीही एकाच बाजूची! उगवतीकडची काढली, मावळतीकडची ठेवली. मी घरी येऊन वत्सलाबाईंना सांगितलं की पोरगी बिघडली. मग कळलं, सकाळचं कोवळं ऊन घडाला मिळावं, दव लवकर सुकावं, वारा आत खेळावा, आणि दुपारचं आपलं खानदेशी ऊन मात्र पानांनी अडवावं, नाहीतर साल भाजते. पुढे मणी भरल्यावर पाणीही तिने असं तोडलं, की मला रात्री वेलींची तहान लागायची. केळीवाला माणूस मी. पाणी जास्त तर माल वजनदार, हे आमचं शास्त्र. तिचं उलटं : पाणी जास्त तर रस पातळ.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट थंडी. दिवसा ऊन मिळालं की गोडी भरते हे मलाही कळतं, पण नुसती गोडी भरून आंबटपणा पळाला तर ती वाइन सपक होते म्हणे. तो आंबटपणा राखून ठेवायचं काम रात्रीची थंडी करते, काळा रंगही तीच चढवते. आमच्या तापट मुलखात गोडी पळत सुटते आणि बाकीचं मागे राहतं. म्हणून ती सारंगखेड्याची यात्रा उठल्यापासून कडाक्याच्या थंडीची वाट बघत होती. हे तिने मला नीट समजावून सांगितलं होतं. मी मानही हलवली होती. भाऊ, मान हलवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे विहीणबाईंना विचारा.

संक्रांत झाली. मण्यांत पाणी उतरून घड काळे पडू लागले होते. कंपनीने बागायतदारांना नाशिककडे मुक्कामी बोलावलं म्हणून रुचिका-भूपेश गेले, आणि बाग माझ्या भरवशावर ठेवून गेले. नेमकं त्याच दिवशी टीव्हीवर आलं, थंडीची लाट, तोरणमाळला दव गोठलं.  थंडी म्हटलं की केळीवाल्याला काय दिसतं? चरका बसलेला बाग दिसतो, पिवळी पडलेली पानं दिसतात. आणि केळीवाला काय करतो? धूर करतो. सुनेचं पीक सासऱ्याच्या राखणीत गारठून जाणार? मी दोधूला हाक मारली (आमचा बांधकरी, शेजारच्या शेताचा; त्याच्याकडे कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता), आणि दिवेलागणीला आम्ही विहिरीच्या कोपऱ्यात तो ढीग पेटवला. वर ओला पाला टाकला. धूर असा झाला, की माझं मन भरून आलं.

आणि भाऊ, त्याच दुपारी तुमच्या गावाहून तुमची वांगी आली होती. दोष देत नाही. तुम्ही प्रेमाने पाठवलीत. पण पऱ्हाट्यांचा एवढा रसरशीत विस्तव, शेजारी रावेरची हिरवी, गुबगुबीत, भरताची वांगी, आणि हाडं गोठवणारी थंडी! तो विस्तव तसाच विझू द्यायचा? मी खानदेशी माणूस आहे. अर्ध्या तासात निम्मं गाव बागेत होतं. कळण्याच्या भाकरी आल्या, ठेचा आला, कांद्याची पात आली. वारा पडलेला होता. धूर वर जाईना, द्राक्षांच्या वेलींवर पसरून बसला. मी सगळ्यांना दाखवलं, बघा, पोरीच्या पिकावर कसं पांघरूण घातलंय. भरीत उत्तम झालं होतं, हे मात्र तुम्हाला सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी रुचिका आली. बांधावर उभी राहिली, हवेत नाक वर केलं आणि म्हणाली, “नाना, भरीत कोठे करं?” मी अभिमानाने जागा दाखवली. ती तिथेच खाली बसली. मग हळू आवाजात तिने सांगितलं, की पिकायला लागलेल्या मण्याची साल धूर धरून ठेवते. खाताना काही कळत नाही. रस आंबायला लागला, की धूर बाहेर येतो. मी विचारलं, थंडीने तरी वाचली ना? ती म्हणाली, नाना, थंडीच तर हवी होती.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, भाऊ. अट माझी, आखाजी माझी, आणि विस्तवही माझा. गावात कुणीतरी बोललंच, की नानाने मुद्दाम केलं, केळीसाठी. जे माझं भरीत खाऊन गेले तेच बोलले. मला जेवण जाईना. वत्सलाबाईंनी एरवी माझ्या प्रत्येक चुकीवर भाष्य केलं असतं, या चुकीचा मात्र त्यांनी विषयच काढला नाही, त्यामुळे तर मी जास्तच घाबरलो.

पण तुमची मुलगी रडत बसली नाही. संध्याकाळी तिने भरीत खाल्लेल्या सगळ्यांना ओट्यावर चहाला बोलावलं आणि एकेकाला दोनच प्रश्न विचारले : तुम्ही कुठे बसला होतात, आणि डोळ्यांत पाणी आलं का? असली चौकशी आमच्या गावाने पाहिली नव्हती. दोधू म्हणाला, “बठ्ठा धूर मन्हाच डोयामा गया!” त्याच्या मागच्या चढावर बसलेला त्याचा भाऊ म्हणाला, आमच्याकडे धूरच नव्हता. सुगंधाबाई म्हणाल्या, पाणी आलं, पण ते ठेच्याचं. ही साक्ष बाद झाली. वत्सलाबाई म्हणाल्या, मन्हा डोयामा ते लगीन झायं तठपाईन पाणी शे. तीही बाद झाली. पण बाकीच्यांचं मिळून चित्र स्पष्ट झालं. थंड हवा जड असते, ती उताराने खाली सरकते, आणि धूर तिच्या पाठोपाठ विहिरीकडून खोलगट अंगाने नदीकडे गेला होता. चढावरच्या ओळींना तो शिवलाच नव्हता. रुचिकाने वत्सलाबाईंच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या केल्या आणि खोलगटातल्या खांबांना बांधल्या. रडलेल्या डोळ्यांवरून जमिनीचा उतार काढणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मी इतकी वर्षं त्या रानात वावरलो, मला ते सपाट वाटत होतं.

मग तोडणीआधी तिने चढावरच्या घडांची एक बादली आणि चिंध्यांकडच्या घडांची एक, असा रस काढून गोठ्यात आंबायला ठेवला. भाऊ, आमच्या गोठ्यात वाइन! वत्सलाबाई रोज उदबत्ती लावू लागल्या, तर रुचिकाने तीही बंद केली, म्हणाली, आता आणखी धूर नको. कंपनीचे साहेब आले. बागेत फिरले, यंत्राने गोडी मोजली, बिया चावून पाहिल्या. पहिल्या बादलीवर वाकले आणि बराच वेळ वर उठलेच नाहीत. मी दोधूचा हात धरून उभा होतो. मग उठून म्हणाले, एवढ्या गोडीबरोबर एवढा आंबटपणा आणि असा रंग तापीकाठी मिळेल असं वाटलं नव्हतं, यंदाच्या थंडीची कृपा. दुसऱ्या बादलीवर वाकले, लगेच उठले आणि म्हणाले, वांगी कोणी भाजली? मी गोठ्याच्या छपराकडे पाहू लागलो. वत्सलाबाईंनी तो विषय नेमका तिथे काढला. “आते काब्र गप शेतस?”

साहेबांना रुचिकाने एकच उत्तर दिलं, ते मी अजून घोळवतोय. ती म्हणाली, “थंडी तर सगळ्यांकडेच पडली होती, साहेब.” खरं आहे. थंडी माझ्या केळीवरही पडली, तिने काय दिलं? चरका. तीच थंडी तिच्या वेलींना मानवली, कारण छाटणीपासून पाण्यापर्यंत तिने त्या वेली त्या थंडीसाठी तयार करून ठेवल्या होत्या. आभाळ आपल्या हातात नसतं असं म्हणून मी जन्मभर बांधावर बसलो, आणि ही पोर आभाळ यायच्या आधीच घर झाडून ठेवते. तुम्ही तिला काय खाऊ घालून वाढवलंत, गिरधरभाऊ? मला खरंच तुमचा हेवा वाटतो.

चढावरचा सगळा माल पहिल्या प्रतीत गेला. पहाटेच्या गारव्यात तोडला, उन्हं चढायच्या आत गाडी रवाना. चिंध्यांच्या ओळी वेगळ्या, खालच्या प्रतीत गेल्या. गाडी गेल्यावर रुचिका माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, नाना, सगळा माल पहिल्या प्रतीचा नाही गेला, अट तुमची.  मी म्हणालो, पोरी, चिंध्यांचा माल माझा होता. तुझा सगळा पहिल्या प्रतीत गेला.  माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या वेळी आसपास धूर नव्हता.

असो. हे सगळं तिला सांगू नका. सासऱ्याचा वचक राहिला पाहिजे. धनुबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
पितांबर

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. विहिरीपलीकडची केळी यंदा निघाली की तिथेही द्राक्षं लावावीत असं माझ्या मनात आलंय. पण तीन वर्षं नाही नाही म्हणून आता आपल्या तोंडाने कसं म्हणणार? तर तुम्ही एक करा. रुचिकाला फोन करून सुचवा, की ‘तू नानांकडे आणखी रान माग.’ ती मागेल, मी नाही म्हणेन, आणि मग तुमच्या शब्दाखातर हो म्हणेन. तुमचाही मान राहील, माझाही.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालायच्या आधी चष्मा शोधत विहिरीपलीकडे गेलो, तर तिथे केळीच्या ओळींमधून खुणेच्या काठ्या ठोकलेल्या दिसल्या. विचारलं तर कळलं, रुचिकाने रोपं सांगूनसुद्धा ठेवली आहेत, माझ्या नावाने. कधी? भरताच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणे, नाना एवढ्या थंडीत माझ्या वेलींपाशी विस्तव घेऊन बसले, तेव्हाच मला कळलं, वेली आता त्यांच्याही झाल्यात. तरी तुम्ही फोन कराच, भाऊ. मला थोडा वेळ नाही म्हणायचंय.

ता. क. तिसरा : वांगी पुढच्या वर्षीही पाठवा. भरीत नदीच्या पलीकडे करू.