भाचीच्या बोटांसाठी तजवीज

मी, संधिवात व अॅलर्जी विभागाची शेवटची प्रमुख, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. असे दाखले जन्मभर मी इतरांना दिले; स्वतःचा स्वतःला देता येत नाही, म्हणून दुसऱ्याकडून घेतला. त्याने माझी नाडीसुद्धा पाहिली नाही. यकृतात पसरलेला कर्करोग आता औषधांना दाद देत नाही, तेव्हा लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही.

१. माझे दोन खोल्यांचे राहते घर, आतील चीजवस्तूंसह, माझ्या भाचीला मिळावे. ते स्वकष्टार्जित असून त्यावर अन्य कोणाचा हक्क नाही. तिच्या वडिलांचा तर नाहीच नाही. माझ्या धाकट्या बहिणीची कातडी आजाराने ताठरू लागली, ओठ आवळले, घास तोंडात जाईना, तेव्हा हे गृहस्थ म्हणाले, "मला तिच्याकडे बघवत नाही हो." आणि खरोखरच बघेनासे झाले. धाकटी लेकीला घेऊन माझ्याकडे आली आणि पुढे फुफ्फुसे निकामी होऊन माझ्याच वॉर्डात गेली. मेव्हण्यांना तिचा एक फोटोही देऊ नये.

२. बँकेतील शिल्लक भाचीच्या औषधोपचारासाठी राखून ठेवावी. कारण शेवटच्या कलमात आहे.

३. पुस्तके निवासी डॉक्टरांपैकी ज्याला हवी त्याने न्यावीत. आमचा विभाग जनरल मेडिसिनमध्ये विलीन झाल्यापासून ती कोणाला हवी असतील असे वाटत नाही. नव्या विद्यार्थ्याला मी आधी रुग्णाचा हात हातात घ्यायला लावी. हात गार की गरम, मूठ वळते का, दाबल्यावर चेहरा कसा होतो. निम्मे निदान तिथेच होई. त्या खोलीत आता बिले फाडतात.

४. फ्रीझरमध्ये गोठवून साठवलेले रुग्णांच्या रक्ताचे नमुने नष्ट करावेत. आजार फुफ्फुसात उतरण्याआधी रक्तात काय बदलते, हे मला शोधायचे होते. त्यासाठी धाकटीसारख्या कितीतरी जणींनी वर्षानुवर्षे सुया टोचून घेतल्या. विभाग हलवताना फ्रीझर बंद राहिला. मी धावत गेले तर प्रशासन अधिकारी म्हणाले, "मॅडम, कशाला घाबरता? सगळं परत गोठवलंय की!" एकदा वितळून निकामी झालेल्या त्या नमुन्यांवर कोणी शोधनिबंध लिहू नये; लिहिलाच, तर त्यात माझे नाव घालू नये. धाकटीच्या कुप्याही त्यातच आहेत. त्याही टाकाव्यात.

५. माझा देह शरीररचनाशास्त्र विभागाला द्यावा. शोकसभा घेऊ नये. अधिष्ठात्यांनी माझ्याविषयी चार शब्द बोलू नयेत. विभाग बंद करताना ते पुरेसे बोलले आहेत.

६. नखाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या पाहण्याचे सूक्ष्मदर्शक माझ्या मालकीचे आहे. ते मी माझ्या विद्यार्थ्याला, ज्याला सगळे 'वादळ' म्हणत, देत आहे. माझ्या खुर्चीवर त्याने बसावे म्हणून मी त्याला घडवले. तो खाजगी इस्पितळात गेला, याचा राग अजून गेलेला नाही. पण दुसरे कोणी नाही.

गेल्या हिवाळ्यात भाचीने नळाखाली हात धरला आणि तिची बोटे पांढरीफटक पडली. मी तिचे नख भिंगाखाली घेतले. रक्तवाहिन्या फुगलेल्या, मध्ये मध्ये नाहीशाच झालेल्या.

"मावशी, आईसारखंच ना?"

"काही जणींचं इथेच थांबतं," मी म्हटले. ते खोटे नाही. किती जणींचे, हे तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

म्हणून वादळाला बोलावून घेतले. म्हटले, "दरवर्षी तिची फुफ्फुसं तपास. जरा जरी बिघडली तर थांबू नकोस, औषध सुरू कर."

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी दिवसभर गुडघ्यांत इंजेक्शनं देतो. हे हातातून गेलंय माझ्या."

"मग परत शीक."

तो म्हणाला, "मी प्रयत्न करीन."

हे वाक्य मीच त्याला शिकवले होते. रुग्णाच्या माणसांना सांगण्यासारखे काहीच उरले नसेल, तेव्हा म्हणायचे. तरीही सूक्ष्मदर्शक त्यालाच द्यावे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करण्याइतका अवधी नाही. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार १: वॉर्डातील निवृत्त परिचारिका (सही)
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरील वकीलबाई (सही)

ठिकाण: राहते घर
दिनांक: विभागाची मागे उरलेली पाटीही उतरवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवार