ओढ्यापलीकडचा बैल

३ ऑक्टोबर

माझ्या भावाच्या, हाउएलच्या, सात गाई क्षयाच्या चाचणीत नापास, आता कत्तलीला जाणार! त्याची बायको प्रुडन्स दुकानात रडत होती म्हणे. मी घरी येऊन केकचा दुसरा तुकडा लोणी लावून खाल्ला. वाटणीच्या वेळी धाकटा म्हणून वडिलांनी त्याला ओढ्यापलीकडचं चांगलं कुरण दिलं, मला थोरलीला हा खडकाळ काठ. आता भोग म्हणावं.

ओढा बारा पावलांचा. तिकडे इंग्लंड, इकडे वेल्स. दोन सरकारं, दोन चाचण्या, दोन दप्तरं, आणि एक दुसऱ्याला काही विचारत नाही. तेच बरं. कारण मे महिन्यात हाउएलचा बैल गाई फळवायला तीन आठवडे माझ्याकडे होता. ना चाचणी, ना कागद. वडिलांच्या वेळेपासून दर मे महिन्यात येतो तसाच आला. कळलं तर माझ्या एकेचाळीस गाईंना टाळं लागेल.

९ ऑक्टोबर

आमच्या काठावर सरकारी पोरगी केरिस क्षय पसरवणारे रानटी बिज्जू पिंजऱ्यात धरते, लस टोचते, पाठीवर लाल पट्टा ओढते आणि सोडते. पलीकडे त्यांना गोळी घालायचा परवाना. काल प्रुडन्सच्या माणसाने तीन पट्टेवाले बिज्जू लोळवले. केरिस तणतणत पुलावर गेली, तर प्रुडन्स म्हणते, "पट्टेवाला मारू नका असं आमच्या परवान्यात कुठंय?"

पोरगी तिथेच रडायला लागली. मला हसू आवरेना.

१० ऑक्टोबर

माझ्या गाई सगळ्या पास!!

२२ ऑक्टोबर

गावच्या हॉलमध्ये सभा. कार्डिफहून वेल्स सरकारचे बेवनसाहेब, लंडनहून इंग्लंडच्या व्हिटकोंबबाई. तो म्हणतो, "पलीकडचं आमच्या हातात नाही." ती म्हणते, "अलीकडचं आमच्या हातात नाही." बिस्किटं मात्र दोघांनी एकाच ताटलीतली खाल्ली.

मग मी उठले. म्हटलं, "दोन्ही दप्तरं एकत्र करा. एकाच दिवशी दोन्ही काठांवर चाचणी घ्या. प्रयोगशाळेतले नमुने शेजारी शेजारी ठेवा. कळू दे एकदा घाण कुठल्या गोठ्यात आहे ती!"

टाळ्या पडल्या. हाउएल मांडीवरच्या टोपीकडे बघत बसला. बैलाबद्दल तो तोंड उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी माझ्या वाट्याचा मारसुद्धा तोच खायचा, गाढव.

५ नोव्हेंबर

हाउएल ओढा ओलांडून आला. दारातच उभा. "नेस्टा, बैलाचं विचारलं तर काय सांगू गं?"

"कुठला बैल?" मी म्हटलं.

चहा न घेताच गेला.

१२ नोव्हेंबर

सहा वर्षांत जमलं नाही ते तीन आठवड्यांत जमलं. दोन्ही सरकारांनी सही केली — दप्तरं एक, चाचणी एक, नमुने एकत्र. बेवनसाहेबांनी फोनवर माझे आभार मानले!

हाउएलच्या आणखी एकोणीस गाई नापास. आता अख्खा कळप कत्तलीला जाणार, बैलासकट.

२६ नोव्हेंबर

गेला कळप. बहात्तर जनावरं. परक्या माणसांना हाउएलने हात लावू दिला नाही. एकेकीला नावाने हाक मारून स्वतः गाडीत चढवलं, आणि त्या गेल्याही मुकाट. मी माझ्या काठावरून सगळं पाहिलं. वाटलं होतं तेवढी मजा आली नाही.

९ डिसेंबर

फेरचाचणीत माझ्या चार नापास. चार!

बेवनसाहेब आणि व्हिटकोंबबाई माझ्या स्वयंपाकघरात, एकच पेन दोघांत. "काही जनावर पलीकडून आलं होतं का?" मी सांगितलं — मे महिन्यात हाउएलचा बैल कुंपण तोडून आला. त्याचं लक्षच नसतं. मीच हाकलला.

ती दोघं मला घेऊन त्याच्याकडे गेली. रिकाम्या गोठ्यात झाडत होता. बाईंनी माझं म्हणणं वाचून दाखवलं. प्रुडन्स म्हणाली, "धडधडीत खोटं बोलतेय ही बया!" हाउएलने तिला गप्प केलं. माझ्याकडे पाहिलं.

"असेल," म्हणाला, आणि सही केली.

आता बेफिकिरीचा ठपका त्याच्यावर. पाच वर्षं त्याला जनावर पाळता येणार नाही. मी सुटले.

११ डिसेंबर

हाउएल सकाळपासून ओढ्याकाठचं कुंपण दुरुस्त करतोय. ते मोडलेलं नव्हतंच.

१४ जानेवारी

प्रयोगशाळेचा अहवाल आला. एकच कागद, वर दोन्ही सरकारांची चिन्हं. नमुने शेजारी ठेवून पाहिले — जंतू आमच्या वेल्श डोंगरातला, तीन वर्षं इथे मुरलेला, ऑक्टोबरच्या चाचणीलाही न सापडलेला, ओढ्यापलीकडे याआधी कधीच नव्हता. रोग बैलाने आणला नाही. माझ्याकडून नेला.

एक प्रत मला, एक हाउएलला.