नऊ दिवसांचं नाव

१४ जुलै
आजपासून कॉलेज. बाळ जाऊन दोन महिने झाले. बोईसरला रिक्षातून उतरले आणि गेटपाशीच उभी राहिले. स्टाफरूममध्ये मी शिरताच सगळ्या गप्प. बरं झालं! "देवाची मर्जी" ऐकायची ताकद नाही आता.

१७ जुलै
बारावीला मूलद्रव्यांची नावं कशी पडली ते सांगितलं. परीक्षेत येत नाही, मला आवडतं म्हणून. क्रिप्टॉन म्हणजे लपलेला, आर्गॉन म्हणजे आळशी — मागच्या बाकांवर हशा! मग एकशे अठरावं. आजवर त्याचे मोजून पाच-सहा अणू बनले. एकही सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका टिकला नाही. आधी नाव म्हणून नुसता आकडाच होता. मग शोधणाऱ्यांनी नाव सुचवलं, पाच महिने जगाला विचारलं — कुणाची हरकत आहे का? — आणि ठेवलं.

हिना म्हणाली, "मॅडम, एवढुशा जिवासाठी नाव?"

मी फळ्याकडे तोंड केलं. तास संपेपर्यंत वळलेच नाही.

माझी नऊ दिवस जगली. नऊ! दवाखान्याच्या कार्डावर 'बेबी ऑफ चारुता'. दाखल्यावर नावाच्या जागी रेघ.

२० जुलै
शैलेश नव्या बोटीला रंग देतोय. आमच्या घरात नव्या बोटीला लेकराचं नाव देतात. "पुनवेला बोट पाण्यात जाईल. काय लिवू?" नवरा माझा, पण विचारताना बघितलं नाही माझ्याकडे. मी चहाचा कप ठेवून निघून आले.

सासूबाईंचं पहिल्या दिवसापासून एकच — "बाराव्याच्या आदी नाव घ्यायचा नाय, बाय. नजर लागते." बारावा उजाडलाच नाही! आणि त्या? डोळ्यांत टिपूस नाही. चौथ्या दिवशी सुके बोंबील घेऊन बाजारात जाऊन बसल्या. नाव सोजराबाई, काळीज दगडाचं.

२३ जुलै
खरं लिहू? राग माझा माझ्यावरच आहे. पाचव्या महिन्यापासून नाव मनात होतं — दिशा. काचेच्या पेटीत हात घालायचे तेव्हा माझं बोट घट्ट धरायची. कान चार बोटांवर. सांगायला काय झालं होतं? घाबरले. एमएस्सी झालेली बाई, नजरेला घाबरले!

३० जुलै
नुसती रडले.

५ ऑगस्ट
सांगून टाकलं. जेवताना. "तिचं नाव दिशा. बोटीवर तेच लिहायचं. कुणाची हरकत आहे का?"

शैलेशच्या हातातला घास तसाच राहिला. ढसाढसा रडला. सासूबाई ताटावरून उठल्या. "नको बाय. ता नाव नको लिवूस."

माझं डोकं फिरलं. "तुमच्या नेमापायी माझी पोर बिननावाची गेली!" आणखीही बोलले, ते इथे लिहवत नाही. त्या भिंतीकडे तोंड करून सुकट निवडत बसल्या.

७ ऑगस्ट
शैलेशने संध्याकाळी लिहिलं. दिशा. लाल रंगात, मोठ्ठं. बघून आले. छान दिसतंय.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
सकाळी सासूबाईंनी माझे पाय धरले. अहो, काय करताय! म्हणून ओरडलेच मी.

नवव्या दिवशी मी चहाला खाली गेले होते, तेव्हाचं सांगितलं. "डाक्तरीण बोलली, वाचत नाय. बिननावाची कशी जाऊ देऊ? कानात सांगितला — जयवंती. दुपारी गेली, बाय. नेम मी मोडला. माज्याच तोंडानं गेली."

तीन महिने ही बाई एवढं पोटात घेऊन बाजारात बसत होती!

बोट निघायला तास होता. रंग अजून ओला होता. दिशा मीच पुसलं, तिथे जयवंती लिहायला.