लांडग्याची सीट

अंबरनाथ (पश्चिम)
११ फेब्रुवारी २००९

प्रिय राजरत्नदादा,
सप्रेम जयभीम.

पुण्यात तुझी तब्येत, नोकरी आणि (आई विचारते म्हणून) जेवण ठीक असेल असं धरून चालते. आईचा गुडघा दुखतो, पण शेजारणीचा जास्त दुखतो हे कळल्यापासून तिला बराच आराम आहे. मीही बरी होते, शनिवारपर्यंत.

तू दिलेला जुना कॉम्प्युटर मी कॅम्प तीनमधल्या आमच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात ठेवला. सीडीतल्या प्रोग्रामात हुकमांचे ठोकळे एकाखाली एक लावले की चित्रांची गोष्ट चालते आणि मुलं टप्प्याटप्प्याने विचार करायला शिकतात, असं तू फोनवर तासभर समजावलंस (मी तेवढ्यात मेथी निवडली, पण ऐकलं). आमचे मुख्याध्यापक शरदचंद्र सर यांना मात्र तो ऑफिसात पत्रं टाइप करायला हवा होता. पालकसभेत मुलांची गोष्ट चालली तर कॉम्प्युटर वर्गात, नाहीतर ऑफिसात, असं ठरलं. माझी झोपच उडाली.

गोष्ट अशी: आजी, शेळी, कोंबडी आणि लांडगा शेअर रिक्षाने अंबरनाथला लग्नाला निघतात. आमच्या वर्गातल्या पायलचे पप्पा रिक्षा चालवतात. तिने पहिल्याच दिवशी ठणकावलं, "बाई, चार सीट भरल्याबिगर गाडी सुटत नाय!" तसा हुकूम लावला. (अट म्हणजे काय, हे तुझ्या तासाभरात कळलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं.) शनिवारी, सभेच्या सकाळी, सरांनी लांडगा पाहिला आणि लहान मुलांना हिंसा नको म्हणाले. मी मुकाट्याने लांडगा पडद्यावरून लपवला.

सभेत रिक्षा हलेचना. आजी, शेळी, कोंबडी बसलेल्या, पालक बघताहेत. शेवटी पायलचे पप्पा मागून ओरडले, "मॅडम, एक सीट बाकी है ना!" पायल उठली, तिने लांडगा परत आणला आणि सर रागावू नयेत म्हणून त्याच्या चित्राच्या जागी एका चष्मेवाल्या साहेबांचं चित्र लावलं. रिक्षा सुटली! टाळ्या! पण दादा, बदललं फक्त चित्र. हुकूम लांडग्याचेच राहिले. अंबरनाथला उतरता उतरता साहेबांनी कोंबडी गिळली. चष्मा हुबेहूब सरांचा होता.

पालक हसून बेजार झाले. सर लालबुंद होऊन म्हणाले, "ती कोंबडी परत आल्याशिवाय हा कॉम्प्युटर वर्गातून हलणार नाही!"

तुझी लहान बहीण,
पद्मजा

ता. क. येत्या रविवारी ये. कोंबडी परत आणायला पुण्याहून तज्ज्ञ येणार असं मी सरांना सांगून बसले आहे. तेही शाळेत थांबणार आहेत.

ता. क. २. कोंबडी पायलने सोमवारीच दोन मिनिटांत परत आणली. मी तिला ती पुन्हा लपवायला लावली. तू फक्त गंभीर चेहरा करून बघ आणि सरांना सांग, वार्षिक परीक्षेपर्यंत तरी कोंबडी परत येण्याचं काही खरं नाही.