डेअरीच्या काचेवरचं कार्ड

प्रिय रिया,

काल रात्रभर मला झोप नाही. तू माझ्या पोटावर पाय टाकून मस्त घोरत होतीस आणि मी मोबाइलवर एकच मेसेज परत परत वाचत होते. 'भाकरी जरा करपवा.' बस, एवढंच. आपल्या डब्याच्या गिऱ्हाइकाचा मेसेज. पण करपलेली भाकरी मागून खाणारा एकच माणूस मी आयुष्यात बघितलाय. ते तुझे बाबा.

आता सकाळचे सात वाजलेत. डाळ शिजतेय आणि मी ओट्याशी उभ्यानंच लिहितेय. माझ्या अक्षराला हसू नको. आठवीनंतर मी पेन धरलं ते डब्याचं कार्ड लिहायला, आणि आता हे.

तुला आपल्या आधीच्या घरातलं, तिकडं वर टाकानिनीतलं, काय आठवतं गं? मला वाटतं, खिडकीच आठवत असेल. बाबा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचे. तुला ताप चढला होता तेव्हा शेजारच्या दीप्तीमावशीनं औषध खिडकीतून दिलं होतं. तू तिला म्हणालीस, 'कम इन, मावशी!' तिला तिथंच रडू फुटलं. बाबांनी मला खूप वेळा मारलं, ते मी इथं लिहीत बसत नाही. पण ज्या दिवशी ते म्हणाले, पोरीला गावी आईकडे ठेवतो, तू राहा इथं एकटी, त्या दिवशी मी ठरवलं. आपले दोघींचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात होते, अजून तिथंच आहेत. मी आधी तुला खिडकीतून दीप्तीमावशीच्या हातात दिलं, मग मी उतरले. पायात जँडलच्या जोडीतली एकच चप्पल राहिली. दिवसभर बसमध्ये बसून आपण इथं खाली पोरिरुआला आलो, दीप्तीमावशीच्या मामेबहिणीकडे. तीच आपली इरावतीमावशी, लायब्ररीत काम करणारी. तिच्या मागच्या खोलीत आपल्याला चार महिने झाले.

आल्यावर आठच दिवसांत मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाबांनी आपला फोटो टाकला. तुझ्या वाढदिवसाचा, मी निळ्या साडीत. खाली लिहिलं होतं की माझी पत्नी मुलीला घेऊन निघून गेली आहे, तिची डोक्याची स्थिती ठीक नाही, कोणी आसरा देऊ नये, दिसल्यास कळवावे. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. त्यातले निम्मे माझ्या हातचं जेवून गेलेले. एकानंही विचारलं नाही की ती का गेली.

मग मागच्या महिन्यात लायब्ररीत ते जुने पेपर लावले होते ना, तू ज्यांच्या काचेला नाक लावून उभी होतीस? इंग्रज इथं नवीन नवीन राहायला आले होते तेव्हाचे पेपर. इरावतीमावशी मला मराठीत सांगत होती. लाल गाय हरवली आहे. बोटीनं नवीन टोप्या आल्या आहेत. पोटदुखीवर गोळ्या. मला मजा वाटत होती, आपल्या गावच्या बाजाराच्या भिंतीवर असतं तसंच सगळं. आणि एका कोपऱ्यात ती वाचायला लागली आणि मधेच थांबली. मी म्हटलं, वाच. माझी बायको माझ्या परवानगीशिवाय घर सोडून गेली आहे, तिला जो आसरा देईल त्याच्यावर खटला भरीन. दीडशे वर्षांपूर्वीचा कोणी गोरा माणूस, आणि शब्द तेच. बाईचं नाव पण नाही, नुसतं 'माझी बायको'.

पुढच्या आठवड्याच्या पेपरात परत तेच. त्याच्या पुढच्यात पण. मग बंद. मी विचारलं, का बंद झालं? ती सापडली, का तो कंटाळला? इरावतीमावशी म्हणाली, ते कुणालाच माहीत नाही, तिचं म्हणणं कोणी छापलं नाही. पण त्याच पानावर खाली बारीक अक्षरात एक जाहिरात होती, कपडे धुऊन इस्त्री करून मिळतील, चर्चच्या मागं विचारा. तिथंही नाव नव्हतं. मी मनात धरून बसले की ही तीच बाई. नसेलही. पण घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं, आपणही डबे करून द्यायचे.

तेच ते कार्ड. कोपऱ्यावरच्या डेअरीच्या, त्या किराणा दुकानाच्या काचेवर, जिथं तू रोज आइस्क्रीमसाठी हट्ट करतेस. मी नाव लिहिलं नाही, पत्ता लिहिला नाही, नंबर नवीन. स्वतःला फार हुशार समजत होते. पण काय मिळेल ते तर लिहावं लागतं ना? लिहिलं, येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी. मला दुसरं येतंय काय! बाबा पण तेच म्हणायचे चारचौघांत, हिला आमटी सोडून काय येतं. आता या देशात येसर आमटीचा डबा कोण देणार? गेल्या आठवड्यात कोणीतरी त्या कार्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. चांगल्या मनानंच टाकला असेल. 'पोरिरुआत गावाकडची चव!' आणि पुढं तीन हसरे चेहरे.

काल दुपारी नवीन नंबरवरून दोन डब्यांची ऑर्डर आली, उद्या एक वाजता घेऊन जातो म्हणून. मी इतकी खूश झाले की लगेच पत्ता पाठवला. त्याच्यानंतर आला करपलेल्या भाकरीचा मेसेज. मी कळवलं, डबा डेअरीत ठेवते, तिथून घ्या. उत्तर आलं, नको, घरीच येतो.

इरावतीमावशी म्हणते, पोलिसांना फोन कर. मी म्हटलं, काय सांगू? कोणीतरी आमटी मागवली म्हणून? ती चिडली माझ्यावर. मग ठरलं की बारालाच ती सुट्टी काढून येईल आणि दार उघडताना फोन हातात धरून माझ्या बाजूला उभी राहील. कोणी दुसराच भुकेला माणूस निघाला तर त्याला डबा द्यायचा आणि दोघींनी हसायचं. बाबा निघाले तर ती फोन लावणार आणि मी, डोकं ठिकाणावर असलेली बाई, सगळं सांगणार. पळायचं म्हटलं तर कुठं पळू गं? आपण खाली खाली येत या बेटाच्या खालच्या टोकाला आलो. पुढं समुद्रच आहे.

आणि भाकरी मी करपवणार नाही.

हे पत्र मी तुझ्या डेकेअरच्या बॅगेत ठेवतेय, टॉग्जच्या, तुझ्या स्विमिंगच्या कपड्यांच्या खाली. तीन वाजता मी घ्यायला आले तर गुपचूप काढून घेईन, तुला कळणारही नाही. नाही आले तर टीचरला सापडेल. तुला मराठी कळतं पण वाचता येत नाही, म्हणून कोणीतरी तुला हे वाचून दाखवेल, आणि आता मी त्या वाचणाऱ्याशी बोलतेय. मुलीला तिच्या बाबांकडे देऊ नका. त्यांचं नाव मी लग्न झाल्यापासून तोंडानं घेतलं नाही, पण आज लिहिते, नितीश. पाकिटावर माझ्या भावाचा नंबर आहे, लातूरचा, नाव यशोधन. त्याला माझ्या नवऱ्यानं सांगितलंय की बहीण वेडी झाली, म्हणून तो माझा फोन घेत नाही. तुमचा घेईल. त्याला म्हणावं, ती शुद्धीत होती, सकाळी उठून तिनं आमटी केली, पोरीची वेणी घातली, डबा भरून दिला. तुम्ही जे कोणी हे वाचताय, आधी माझ्या भावाला फोन करा.

कुठंही असले तरी तुझीच,
आई