एक गाणे एकाच दिवशी अखेरपर्यंत गाण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
राष्ट्रीय लोकसंगीत व विविधता कार्यालय, दुसरा मजला.

विषय : लॉन्ड्रीतील गाणे एकाच दिवशी अखेरपर्यंत गाऊ देणेबाबत.
संदर्भ : आमच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

१. मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसते. आतल्या खोलीत माझी मावशी आणि सीमेपलीकडून आलेली आमची शेजारीण, जिला मी काकू म्हणते, तीस वर्षे चादरींना इस्त्री करत आहेत. चादरीची दोन टोके दोघींनी धरायची, मावशीने एक ओळ म्हणायची, काकूने तिच्या भाषेत उत्तर द्यायचे आणि पुढे येऊन घडी घालायची, अशी पद्धत आहे.

२. आपल्या पथकाने हे गाणे ध्वनिमुद्रित करून राष्ट्रीय ठेवा ठरवले, याबद्दल आभारी आहोत. त्या दिवशी मावशीला सर्दी होती. तिचा खोकला तज्ज्ञांनी प्राचीन परंपरा मानल्याने आता शाळाशाळांतून मुले तिसऱ्या ओळीनंतर दोनदा खोकतात. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पुढच्या तपासणीत मावशी खोकली नाही, म्हणून तिला 'अशुद्ध गायिका' असा शेरा मिळाला.

३. घरचे झाले थोडे नि व्याह्याने धाडले घोडे, तशी वर ही नोटीस आली. तिच्यानुसार मावशीच्या ओळी 'मूळ' असून त्या राष्ट्रदिनी गाव्यात. काकूच्या 'बाहेरच्या' असून त्या विविधतादिनी. मध्ये सात महिने आहेत. प्रश्न विचारून उत्तराला सात महिने थांबण्याची कार्यालयांना सवय असते, चादरींना नसते. नियम मोडल्यास काकूचा रहिवास परवाना पुन्हा तपासला जाईल, असेही खाली बारीक अक्षरात आहे.

४. काकूला अलीकडे विसर पडतो. नोटीस तिच्या लक्षात राहत नाही, गाणे राहते. ती रोज आपले टोक उचलते, आपली ओळ म्हणते आणि मावशीकडे बघत थांबते. परवान्याच्या भीतीने मावशी ओठ घट्ट मिटून घडी घालते. मला ते बघवत नाही. काल काकूने मला बाजूला घेऊन विचारले, "ही माझ्याशी गात का नाही गं? माझं काही चुकलं का?"

तरी परवानगी द्यावी, ही विनंती. ते नियमात बसत नसल्यास काकूला काय सांगावे, एवढे तरी लेखी कळवावे. मी काल सांगितलेले ती विसरली आहे आणि आज सकाळी तिने पुन्हा विचारले.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
काउंटरवरची भाची

दिनांक : १४, बुधवार
सोबत : नोटिशीची प्रत